पाच सज्जांचा तलाठी

बीड या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात. एक आमचा जिल्हा. दुसरा ओतीव लोखंड, ज्याचे पूर्वी तवे होत आणि हल्ली गटारांची झाकणे होतात. पहिल्या बीडच्या महसूल खात्यात छत्तीस वर्षे कारकुनी केल्यावर उरलेले आयुष्य दुसऱ्या बिडाच्या सेवेत जावे असा योग माझ्या पत्रिकेत असला पाहिजे. एरवी सेवानिवृत्तीच्या उपदानाची रक्कम हाती पडून पुरते दोन महिने झाले नव्हते तोच, गेवराईला महामार्गालगतच्या एका भंगाराच्या आवारात, जालन्याच्या भट्ट्यांकडे रवाना व्हावयाच्या ढिगात, सायकलींचे सांगाडे आणि रसवंतीच्या चरकाचे दात यांच्यामध्ये पाय रोवून उभे असलेले ते यंत्र माझ्या दृष्टीस पडण्याचे, आणि पडले तरी मी स्कूटर थांबवण्याचे, काहीच कारण नव्हते.

यंत्र सुतारकामाचे होते. कंबरेइतके उंच बिडाचे धूड, त्यावर आरशासारखी सपाट असावीत अशा अपेक्षेने केलेली दोन लांबट मेजे, त्यांच्या मधल्या फटीत पाती बसवलेला एक लोखंडी रूळ, रुळाच्या एका अंगाला गोल करवत, दुसऱ्या अंगाला गिरमिटाची मूठ, आणि हा सर्व परिवार एकाच दांड्यावर, एकाच पट्ट्याने फिरणारा. कारखान्याच्या नावाची पितळी पट्टी जिथे असावयाची तिथे चार रिकामी भोके होती. भंगारवाल्याने माझ्या चेहऱ्यावरचा भाव ओळखला व तो पुढे झाला.

"भाऊसाहेब, येकच मशीन हाय, पन पाच कामं करतंय. रंधा मारतंय, कापतंय, भोक पाडतंय, कुसू काढतंय, घासून बी देतंय. पाच मानसांचं काम येकटं!"

पाच माणसांचे काम एकटा करणारा इसम मी उभ्या नोकरीत शोधत होतो. वास्तविक याच नोकरीने मला सावध करावयास हवे होते. एका तलाठ्याकडे पाच सज्जांचा कार्यभार दिला म्हणजे काय होते, हे मजइतके जवळून पाहिलेली माणसे या तालुक्यात थोडी असतील. ज्या गावी रयत जाऊन बसते त्या गावी तो नसतो. आज तो दुसऱ्या सज्जावर आहे असे कोतवाल सांगतो. दुसऱ्या सज्जावर गेले तर तो तालुक्याला बैठकीस गेल्याचे कळते. आणि तालुक्याला गेले तर साहेबांकडून असे ऐकावयास मिळते, की तो मोठा कर्तबगार गृहस्थ असून पाच सज्जांचे काम एकटा सांभाळतो. हे सर्व ठाऊक असूनही मी खिशात हात घातला. सौदा नगावर झाला नाही, वजनावर झाला. तीन क्विंटल सत्तावन्न किलो. काट्याची पावती मी खरेदीखताप्रमाणे दफ्तरी ठेवली आहे.

सहा माणसे, दोन वासे आणि पुष्कळ अपशब्द यांच्या साहाय्याने यंत्र टेंपोतून उतरले आणि तलवाड्याच्या आमच्या माळवदाच्या घरात, ढाळजेत, जिथे वडिलांच्या काळी पाहुण्यांची बैठक घातली जाई तिथे, स्थानापन्न झाले. कुटुंबाने उंबऱ्याच्या आत राहूनच एकवार सगळे न्याहाळले.

"अहो, हे जप्तीत आलं की विकत घेतलं?"

"विकत घेतलं."

"मग जप्तीतलं बरं होतं. ते परत तरी करता येतं."

मी तिला प्रयोजन सांगितले. घरातला जुना चौरंग किडीने खाल्ला होता, आणि यंदाच्या नवरात्रात घट बसवावयाचा तो माझ्या हातच्या चौरंगावर, असा माझा संकल्प होता. आमच्या गावची देवी त्वरिता. गावाजवळच्या टेकडीवर तिचे देऊळ आहे, आणि 'त्वरित' हा शब्द मी पहिल्यांदा शाळेत शिकलो तो तिच्या नावातून. पुढे कचेरीत त्याच शब्दाचे तांबडे शिक्के फायलींवर मारताना माझ्या असे ध्यानात आले, की ज्या फायलीवर 'त्वरित' लिहिलेले असते ती कपाटात सर्वांत अधिक काळ मुक्काम करते. हा अनुभवही मी त्या दिवशी विसरलो. महिना फाल्गुनाचा होता. नवरात्राला सात महिने होते.

पहिला दीड दिवस एक नट काढण्यात गेला.

गंजलेली करवत बदलण्यासाठी तो काढणे भाग होते. मी पाना लावून जोर केला, तो हलला नाही. रॉकेल सोडून रात्रभर ठेवले, सकाळी पान्याच्या दांड्यावर नळीचा तुकडा चढवून जोर केला, तरी तो हलला नाही. तेव्हा मी पायाने जोर केला आणि माझ्या कंबरेतले काहीतरी हलले. दुपारी गावातले वृद्ध मिस्त्री काठी टेकीत आले, पायरीवर बसले आणि बराच वेळ माझे श्रम समाधानाने पाहत राहिले.

"काय करायलात भाऊसाहेब?"

"नट ढिला करतोय."

"आवळायलात," ते म्हणाले. "उलटे आटे हायेत त्याला."

असे असते खरे. दांडा एकाच दिशेने फिरत असल्यामुळे त्याच्या एका टोकावरचा नट फिरण्यानेच घट्ट होत जातो व दुसऱ्या टोकावरचा फिरण्यानेच सैल होऊ पाहतो. म्हणून एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे पाडतात. सायकलच्या डाव्या पायडलालाही उलटे आटे असतात, आणि मी चाळीस वर्षे सायकल चालवली आहे. पण पायडल हे काढावयाची वस्तू आहे असे मला कधी वाटले नव्हते. दीड दिवसात मी तो नट इतक्या निष्ठेने आवळून ठेवला होता, की पुढे मिस्त्रींचा नातू आणि घण असे दोघे लागले.

त्यानंतर पान्यांचे प्रकरण निघाले. माझ्याजवळचा नवा संच मिलिमीटरचा. बाराचा पाना बोल्टावर बसेना, तेराचा बसून नुसताच फिरे. हे यंत्र सुताच्या राज्यातले निघाले. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. चार सुताचा पाना अर्ध्या इंचाचा, आणि अर्धा इंच म्हणजे पावणेतेरा मिलिमीटरांहून किंचित कमी, म्हणजे या दोन राज्यांची हद्द कुठेच जुळत नाही. वजनमापांचा दशमान कायदा या देशात १९५६ साली झाला, आणि आमच्या खात्याने तो इतका मनावर घेतला की सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये छापले जाऊ लागले. परंतु तो सातबारा हातात घेऊन उभा असलेला शेतकरी भावाशी भांडतो ते गुंठ्यांवरून, आणि मिस्त्री फळीवर पेन्सिलीची खूण करतात ती सुतातच. कायदा पुस्तकात राहतो आणि सूत माणसाच्या बोटात. चार सुताचा जुना पाना अखेर त्याच भंगारवाल्याकडे मिळाला. त्याने तो मात्र वजनावर दिला नाही.

विजेची जोडणी तीन फेजची. मोटर मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे घेणारी, तिच्यावर सहा इंची पुली आणि यंत्राच्या दांड्यावर दोन इंची. म्हणजे हिशेबाने रुळाचे फेरे मिनिटाला चार हजार तीनशेवीस. हा आकडा मी कागदावर काढला तेव्हा तो मला गोड वाटला होता. जोडणीच्या दिवशी मी स्नान करून, यंत्राला कुंकू लावून, नारळ वाढवून कळ दाबली. आवाज असा उठला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावे तोडून वेशीपर्यंत गेली. दीडशे हात अंतरावरील एका श्रवणशक्ती क्षीण झालेल्या वृद्धाने, विमान उतरले काय, अशी चौकशी केल्याचे मागाहून कळले. १७६३ साली याच तालुक्यात, राक्षसभुवनाला, पेशव्यांची आणि निजामाची मोठी लढाई झाली. त्यानंतर गोदाकाठी इतका गदारोळ झाला नसावा.

मी फळी पुढच्या मेजावर ठेवली आणि शास्त्राप्रमाणे हळूहळू रुळाकडे सरकवू लागलो. शास्त्र असे सांगते, की रूळ आपल्या अंगाकडे फिरतो, फळी त्याच्या विरुद्ध रेटावी लागते आणि म्हणून ती सोलली जाते. माझी फळी रेटावी लागली नाही. रुळाचा स्पर्श होताच तिने माझा हात सोडला, दुसरे मेज न टेकता ओलांडले, ढाळजेच्या दारातून ती अंगणात गेली आणि पाण्याच्या रांजणात शिरली. रांजण मधोमध दुभंगला. कुटुंबाने आतून विचारले, "झाला का चौरंग?"

वायरमनने तीनपैकी दोन तारा उलटसुलट जोडल्या होत्या. उपाय दोन मिनिटांचा: कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावयाची, की मोटर उलटी फिरू लागते. मला याचे फार नवल वाटले नाही. आमच्या कचेरीतही तीनपैकी कोणत्याही दोन कारकुनांची टेबले बदलली की सगळे काम आजवर चालले होते त्याच्या उलट दिशेने चालू लागे, आणि वीज तर त्या मानाने अननुभवी आहे.

यंत्र सुलटे फिरू लागल्यावर त्याचा खरा स्वभाव दिसू लागला. सगळी खाती एका दांड्यावर असल्यामुळे काम एकाचे चालले तरी फिरतात सर्वच. मी रंधा मारीत असताना डावीकडे करवत रिकामी फिरत असते आणि उजवीकडे, भिंतीच्या बाजूस, गिरमिट हवेत भोके पाडीत असते. काम एकाचे, पगार सर्वांना! आणि ज्या खात्याकडे आपले काम नसते तेच नेमके आपणांस अडकवते, या नियमानुसार वैशाखातल्या एका सकाळी माझ्या उपरण्याचे टोक गिरमिटाने मागितले. मी ते तत्काळ दिले. नुसते टोक नव्हे, सबंध उपरणे दिले, आणि पट्टा निसटून यंत्र थांबेपर्यंत चौकटीला धरून उभा राहिलो. त्या दिवसापासून मिस्त्री ढाळजेत आले की प्रथम माझे दोन्ही हात पुढे करावयास लावतात, बोटे मोजतात, "धा हायेत," असे म्हणतात आणि मगच तंबाखूची चंची सोडतात. त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताला चौदा पेरांचा हिशेब का लागत नाही, हे मी त्यांना कधी विचारलेले नाही.

पण खरा तलाठी दिसतो तो कार्यभार बदलताना. रंध्यावरून करवतीवर जावयाचे म्हणजे आडवी पट्टी काढणे, तिचे दोन बोल्ट सोडणे, करवतीचे मेज उचलून ठराविक उंचीवर आवळणे. करवतीवरून घासण्यावर जावयाचे तर तो उलट्या आट्यांचा नट पुन्हा सोडून करवतीच्या जागी काचकागदाची तबकडी चढवणे. आणि हे सर्व करून फळी घासावी, तो ध्यानात यावे की तिची एक कड अजून कापावयाची राहिली आहे. करवत परत चढवावी, कड कापावी, तर कापलेल्या कडेला रंधा हवा. एका पाऊण तासाच्या कामापायी चार वेळा चार्ज देणे-घेणे होई, आणि प्रत्येक वेळी एक वायसर शिल्लक उरे. हे उरलेले वायसर मी एका डबीत जपून ठेवले आहेत. यंत्र त्यांच्यावाचून चालते. मग ते मुळात कशासाठी होते, या प्रश्नाचा निकाल लागलेला नाही.

माझ्या नातवाने, जो पुण्यास अभियांत्रिकी शिकतो, मला फोनवर एक चित्र दाखवले. असेच यंत्र १९४७ साली अमेरिकेत बाजारात आले, शॉपस्मिथ नावाचे. हान्स गोल्डश्मिट नावाच्या, मूळच्या जर्मन, गृहस्थाने ते काढले. करवत, कातकामाचा लेथ, उभे गिरमिट, आडवे गिरमिट आणि घासण्याची तबकडी असे पाच व्यवहार त्यात होते, आणि उभे गिरमिट हवे असेल तेव्हा सबंध यंत्रच एका टोकावर उभे करावयाचे. देश स्वतंत्र होऊनही आम्ही मराठवाड्याचे लोक आणखी तेरा महिने निजामाच्या अमलाखाली होतो, त्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे कोणी एक माणूस तळघरात सुटीच्या दिवशी खुर्च्या करण्याची सोय लावीत होता, हे वाचून मला आनंद झाला. "आजोबा, तिकडे लोक अशी जुनी यंत्रं शोधून काढतात, दुरुस्त करतात आणि जपतात," नातू म्हणाला. "वापरतात का?" मी विचारले. तो थोडा वेळ बोलला नाही.

मधल्या काळात यंत्राचा सातबारा पक्का होत गेला. भोगवटादार या नात्याने नाव माझे. परंतु 'इतर अधिकार' या रकान्यात नोंदी वाढू लागल्या. खालच्या पोकळीत मांजरीने चार पिले घातली, सबब तीन आठवडे यंत्रास स्थगिती मिळाली. उन्हाळ्यात कुटुंबाच्या ध्यानात आले, की गावात इतकी सपाट, इतकी तापणारी आणि मुंग्या न चढणारी दुसरी जागा नाही. तेव्हापासून दोन्ही मेजांवर कुरडया, सांडगे आणि उडदाचे पापड यांची वहिवाट सुरू झाली, आणि बारा वर्षांच्या वहिवाटीला कायद्यात काय किंमत आहे हे मला ठाऊक असल्यामुळे मी पहिल्याच दिवशी हरकत घ्यावयास हवी होती. पिकाच्या रकान्यात मात्र खरिपाला 'पड' असेच लिहावे लागले.

चौरंगासाठी मी वरच्या खणाच्या पडझडीतून निघालेली सागाची तुळई निवडली होती. शंभर वर्षांचे लाकूड, मध्यभागी मधासारखे. तिच्यातून सव्वा इंच जाडीच्या फळ्या चिरल्या. तुळईत कोणा पूर्वजाने कंदील टांगण्यासाठी ठोकलेला खिळा होता, तो करवतीला सापडला. त्यात करवतीचे पाच दात गेले. मग फळी रंध्यावर घेतली. एकदा फिरवली, गुण्या लावून पाहिली, तर तिला किंचित बाक. पुन्हा फिरवली, बाक तसाच, फळी तेवढी बारीक. पुन्हा फिरवली. हे यंत्र फळी सरळ करीत नव्हते, मोजणी करीत होते, आणि प्रत्येक मोजणीत जमीन थोडी कमी भरत होती. फळी पाच सुतावर आली तेव्हा मी थांबलो आणि मिस्त्रींना बोलावणे पाठवले.

ते आले, बोटे मोजली, आणि यंत्र बंद ठेवावयास सांगितले. मग बाभळीची एक वीतभर पट्टी त्यांनी मागच्या मेजावर, अर्धी रुळावर येईल अशी ठेवली, आणि हाताने रूळ हळूहळू फिरवू लागले. एक पाते पट्टीखालून गेले. पट्टी जागची हलली नाही. दुसरे पाते आले आणि पट्टी जवभर पुढे सरकली. म्हातारे कान खाली नेऊन ऐकत होते. "येक पातं काम करायलंय," ते म्हणाले, "दुसरं हजेरी लावायलंय." मग पाचरीचे स्क्रू सैल करून, नखाने टिचकी मारीत मारीत, त्यांनी आळशी पाते वर घेतले, तेव्हा दोन्ही पाती पट्टीला सारखीच, जवभर सरकवू लागली. पुढले मेज एका कोपऱ्यात बसले होते, तिथे त्यांनी विडीच्या बंडलाचा कागद दुमडून सारला. हे काम चालले असता त्यांच्या हातात पाना नव्हता. होता तो कमरेच्या वाकसाचा मागचा भाग.

त्या वाकसाविषयी मला थोडे लिहिले पाहिजे. मिस्त्रींचे वडील गावचे बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ साली निघाला, त्यात बलुत्यांच्या ओळी लावल्या आहेत, आणि सुतार थोरल्या ओळीत बसतो, कारण कुणब्याचे सबंध औत त्याच्यावर अवलंबून. नांगर, वखर, तिफण, गाडीचे जू, घराची चौकट, बाळाचा पाळणा, हे सर्व त्या माणसाने खळ्यावरच्या सुगीच्या धान्यावर केले. त्याची हत्यारे गोणपाटाच्या एका पिशवीत मावत: करवत, रंधा, किकरे, गिरमिट, आणि हा वाकस, ज्याने तो तासत असे, फोडत असे, ठोकत असे, खिळा उपटत असे, आणि जेवताना कांदाही त्यानेच फोडत असे. एका कामावरून दुसऱ्यावर जाताना मनगट फिरवावे लागे, एवढाच त्याचा चार्ज. ही हकीगत मिस्त्रींच्या तोंडून ऐकताना मी माझ्या साडेतीन क्विंटलांकडे पाहत होतो, आणि बीड तापलेले असताना जसे दिसते तसेच ते शांत दिसत होते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी चौरंग उभा राहिला. उभा राहिला म्हणजे तीन पायांवर. चौथा दोन सूत आखूड भरला. मी उरलेल्या तिघांना त्याच्या बरोबरीस आणण्यासाठी करवत चढवली, कापले, टेकवून पाहिले, तर आता दुसराच आखूड. पुन्हा कापले. संध्याकाळपर्यंत मी न्यायाने वागत होतो, आणि चौरंग खाली येत होता. दिवेलागणीला मिस्त्री देवळाकडे जाता जाता डोकावले. त्यांनी चौरंग उलटा करून मांडीवर घेतला, वाकसाचे सहा-सात घाव घातले, जमिनीवर ठेवून तळहाताने दाबला. हलला नाही.

"चौरंग न्हाई ऱ्हायला आता," ते म्हणाले, "पाट झालाय. पन देवीला चालंल."

घट त्याच्यावर बसला. नऊ दिवस धान्य उगवले, हिरवेगार. कुटुंबाने येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना पाट दाखवला आणि सात महिने लागल्याचे सांगितले. त्यांनी डोळे विस्फारून विचारले, की नक्षी कुठे आहे?

गावात आता यंत्राची कीर्ती झाली आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जावयाच्या गाड्या दुरुस्त होऊ लागल्या तशी रीघ लागली. परवा सकाळी शेजारचा तरुण एक फळी खांद्यावर घेऊन ढाळजेच्या पायरीशी आला. त्या वेळी दांड्यावर करवत होती, तबकडी माळ्यावर होती, आडवी पट्टी कुरडयांच्या परातीखाली होती. मी चष्मा चढवला आणि डायरी उघडली.

"काय काम आहे?"

"रंधा मारून पायजे हुता भाऊसाहेब. लई न्हाई, येकच फळी."

"आज करवतीचा दिवस आहे," मी म्हणालो. "रंध्याचं काम सोमवारी."

तो खांद्यावरची फळी न उतरवता थोडा वेळ उभा राहिला.

"अर्ज आनू का?"